रात्रीचा पट्टा

आमच्या शेळगावात व्यंग घेऊन मूल जन्मलं की आधी ग्रहणाची चौकशी होते. माझ्या मुलाचा उजवा हात जन्मतःच मनगटातून आत वळलेला, अंगठा नाहीच. बघायला येणारी प्रत्येक बाई मला विचारायची, "ग्रहणात काय चिरलंस गं?" पुण्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. कोपर ते मनगट दोन हाडं असतात, त्यातलं अंगठ्याच्या बाजूचं तयारच झालं नव्हतं. हात घडतो तो गर्भाच्या चौथ्या ते आठव्या आठवड्यात. तेव्हा मला दिवस गेलेत याचीही धड खात्री नव्हती!

हाताला हात लावण्याआधी त्यांनी हृदयाचा इको, पोटाची सोनोग्राफी आणि रक्त तपासलं, कारण या व्यंगासोबत तिथंही दोष असू शकतो. सगळं ठीक निघालं. त्या रात्री मी पोटभर जेवले.

आधी प्लॅस्टर, दर खेपेला हात थोडा सरळ करून नवं. मग आखडलेली कातडी आणि स्नायू ताणायला हाताभोवती सळ्यांचा सांगाडा. ही 'जेस' पद्धत मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशींची. सांगाड्याचा स्क्रू रोज घरीच किंचित फिरवायचा असतो. ते काम सासऱ्यांनी घेतलं. ट्रॅक्टर खोलण्यात हयात गेलेला माणूस, नातवाच्या हातापाशी मात्र श्वास रोखून बसायचा. सळ्यांच्या तोंडाशी रोज पुसून घेणं माझ्याकडे. पुढे ऑपरेशनमध्ये पंजा उरलेल्या हाडावर बसवला, आत तार घातली. नंतरच्या ऑपरेशनात तर्जनीच अंगठ्याच्या जागी आणली.

ऑपरेशनची हकिगत लोक कान देऊन ऐकतात. पट्ट्याचं कोणी विचारत नाही, आणि आमची खरी वर्षं गेली ती त्यातच. हाड वाढतं तसं मनगट परत वळू बघतं, म्हणून वाढ थांबेपर्यंत रात्री पट्टा बांधायचा. थेरपीच्या मॅडम पांढरं प्लॅस्टिक गरम पाण्यात टाकतात, ते पापडाच्या लाटीसारखं लवतं, मग थेट हातावर आकार देतात. म्हणूनच तो उन्हात ठेवायचा नाही, गाडीच्या डिकीत तर नाहीच. आपल्या इंदापूरच्या चैत्रात त्याचा आकारच बिघडतो. घामानं पुरळ येतं. मूल वाढलं की पट्टा तोकडा, पुन्हा नवा. लग्नघरी, जत्रेत, पालखी रस्त्यानं जाते त्या दिवशी पाहुण्यांच्या गर्दीत, बारा वाजता का होईना, वेल्क्रो ओढून बांधायचाच. "एक रात्र राहू दे की," म्हणणाऱ्या नात्यातल्या बायकांशी मी भांडले आहे, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

आता तो पेन धरतो, शर्टाची बटणं लावतो, बाटलीचं झाकण मात्र डाव्या हातानं उघडतो. हात आखूडच राहणार. हाड लांब करायचंही ऑपरेशन असतं, विचार करा, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यालाच विचारलं.

"त्यानं पट्टा किती वर्षं वाढणार, ते आधी विचार," तो म्हणाला.