विंचवाचे बिऱ्हाड आणि आईचा फोन

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण मी वर्गात वीस वर्षे शिकवीत आलो आहे. पण तसले बिऱ्हाड प्रत्यक्ष पाहिले ते २०२५ सालच्या मे महिन्यात, ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरी, माझ्या थोरल्या बहिणीच्या अंगणात. मोटारीच्या मागे जोडून ओढायची एक पांढरी खोलीच ती! आत झोपायला पलंग, शेगडी, फ्रीज, इवलीशी मोरी, आणि ताईने दारावर लावलेले तोरणसुद्धा. हिला कॅरॅव्हॅन म्हणतात. नोकरीतून सुटका झाली की घराला कुलूप घालून महिनेन् महिने असे बिऱ्हाड ओढीत देशभर हिंडणारी जोडपी तिकडे पुष्कळ. लोक त्यांना ‘ग्रे नोमॅड’, म्हणजे पिकल्या केसांचे भटके म्हणतात. भावोजी नुकतेच त्या पंथाला लागले होते, आणि पर्थपर्यंतच्या पहिल्याच वारीला त्यांनी मला बोलावून घेतले होते.

तांदूळ, डाळी आणि लोणच्याची बरणी ताईने भरली. टायर, ब्रेक, पाण्याची टाकी भावोजींनी पाहिली. वाद झाला तो नखाएवढ्या एका वस्तूवरून. फोनच्या सिमकार्डावरून!

भावोजींचा जुना फोन बाद झाला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिकडची ‘थ्री-जी’ सेवा बंद झाली आणि तिच्यावर चालणारे फोन मुके झाले. फोन नवा घेतला, तेव्हा कंपनीही नवी घ्यावी असे ठरले. ताईचे म्हणणे टेलस्ट्रा घ्यावी. महाग खरी, पण आडरानात तीच लागते. भावोजींनी मात्र निम्म्या दरातली एक कंपनी शोधून काढली होती. “ही अठ्ठ्याण्णव टक्के लोकांपर्यंत पोहोचते, आणि ती नव्याण्णव टक्क्यांपर्यंत. एका टक्क्यासाठी दुप्पट पैसे का मोजायचे?”

मी भावोजींच्या बाजूने मान डोलावली. आमच्या कॉलेजात अठ्ठ्याण्णव टक्के मिळवणाऱ्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो! ते टक्के माणसांचे आहेत, रस्त्याचे नाहीत, हे त्या दोघांत तिसऱ्या शहाण्याच्याही ध्यानात आले नाही.

निघण्यापूर्वी मी पुण्याला आईला सांगितले, “रोज तुझ्या तीनच्या चहाला फोन करीन.” तेव्हा आमच्याकडे संध्याकाळचे सात वाजलेले असणार. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, एकटी राहते. “बरं,” एवढेच ती म्हणाली.

सेडूना गावापर्यंत सगळे ठीक चालले. समुद्रकाठच्या या गावाहून पुढे नॉर्समनपर्यंत सुमारे बाराशे किलोमीटरचा रस्ता नलारबोरच्या माळरानातून जातो. नलारबोर म्हणजे लॅटिनमध्ये ‘झाड नाही’. नाव ठेवणाऱ्याने अतिशयोक्ती केलेली नाही. करडी-हिरवी खुरटी झुडपे आणि त्यांवर टेकलेले आभाळ. मधूनच रस्ता दक्षिणेकडे सरकतो आणि एकाएकी जमीन संपते. खाली उंच कड्यांच्या पायथ्याशी महासागर आदळत असतो. हिवाळ्यात तेथे देवमासे पिल्ले घालायला येतात. आम्हाला एक दिसलाही, काळ्या खडकासारखा. ते पाहण्यात आमचा एक दिवस गेला. कांगारूंच्या भीतीने अंधार पडायच्या आत गाडी थांबवावी लागे, आणि भावोजी चहाचे आधण ठेवीत.

पहिल्या संध्याकाळी सात वाजता फोन काढला. संपर्क नाही. मी स्टुलावर चढलो, ताईने हात उंच धरला, भावोजींनी फोन बंद करून पुन्हा चालू केला. “उद्या लागेल,” ते म्हणाले. दुसऱ्या संध्याकाळीही तेच. त्या रात्री माळावर इतक्या चांदण्या होत्या, की एरवी मी त्यांवर तासभर बोललो असतो. पण मला दिसत होती ती पुण्यातली खुर्ची, आणि तिच्याशेजारी गार होत चाललेला कप.

तिसऱ्या दिवशी दुपारी युक्ला आले. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतले हे पहिले ठिकाण. येथली घड्याळेही न्यारी, ती आमच्यापेक्षा पाऊण तास मागे. गावाखाली समुद्राच्या बाजूला जुन्या तारघराचे अवशेष आहेत. १८७७ साली येथून पूर्व आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया तारेने जोडले गेले, आणि या निर्जन जागी माणसे रात्रंदिवस कड-कट्ट करीत बसू लागली. आज त्या दगडी भिंती वाळूच्या टेकड्यांत अर्ध्या बुडाल्या आहेत. दीडशे वर्षांपूर्वी येथून निरोप जात होता, आणि मी खिशात नवाकोरा फोन घेऊन मुका उभा होतो!

मुक्कामाच्या तळावर शेजारी एका वृद्ध जोडप्याची कॅरॅव्हॅन उभी होती. त्यांच्या मोटारीच्या नाकावर चांगला पुरुषभर उंच अँटेना. ताईने आमची हकीकत सांगितली. आजीबाईंनी काही न विचारता आपल्या फोनचे इंटरनेट आम्हाला जोडून दिले. पुण्यात सकाळचे नऊ वाजत आले होते. पहिली घंटा पुरी वाजायच्या आत आईने फोन उचलला.

“जेवलास का?”

एवढेच. मग थोड्या वेळाने म्हणाली, “फोन लागणार नाही असं सांगून गेला असतास, तर दोन रात्री मी निजले असते रे. पूर्वी पत्र आठ दिवसांनी यायचं. पण आठ दिवसांनी येणार हे ठाऊक असायचं.”

मला उत्तर सुचले नाही.

संध्याकाळी आजोबांनी भावोजींची शिकवणी घेतली. ते म्हणाले, “तुम्ही कंपनी निवडलीत ती राहत्या घराकडे पाहून. रस्त्यातला सर्वांत ओसाड पट्टा कोणता, तो पाहून निवडायची.” ऑस्ट्रेलियाचा विस्तार जवळजवळ ७७ लाख चौरस किलोमीटर, आणि माणसे बहुतेक किनाऱ्यालगतच्या शहरांत. म्हणून थोड्या जमिनीवर मनोरे उभारले, तरी टक्के भरपूर मिळतात. निम्म्याहून अधिक देशावर कोणत्याच कंपनीचा मनोरा पोहोचत नाही. टेलस्ट्राच्या मनोऱ्यांवर चालणाऱ्या स्वस्त कंपन्या आहेत, पण त्यांतल्या बहुतेकींना तिचे जाळे पुरते मिळत नाही. कंपनीच्या नकाशात नुसत्या फोनला मिळणारा भाग वेगळा आणि बाहेर अँटेना जोडल्यावर मिळणारा वेगळा असतो, तेही पाहायचे. त्यांच्या फोनमध्ये दोन कंपन्यांची दोन सिमे होती. मोटारीत ट्रकवाल्यांशी बोलायला चाळीस नंबरच्या वाहिनीवर लावलेला रेडिओ होता, आणि संकटात उपग्रहाला हाक मारणारी हातात मावणारी एक पेटी. ००० हा तातडीचा क्रमांक कोणत्याही कंपनीच्या मनोऱ्यावरून लागतो. पण मनोराच नसेल, तर तोही लागत नाही.

भावोजींनी मुकाट्याने त्याच इंटरनेटवरून टेलस्ट्राचे ई-सिम घेतले. ताई काही बोलली नाही, हे तिचे मोठेपण. मी कागदावर पुढच्या मुक्कामांची यादी केली आणि आईला वाचून दाखवली: कोणत्या दिवशी फोन येईल आणि कोणत्या दिवशी येणार नाही.

कायगूनाच्या पुढे रस्ता १४६.६ किलोमीटर अगदी सरळ जातो, एकही वळण नाही. तो संपला की बॅलाडोनिया. १९७९ च्या जुलैमध्ये अमेरिकेची स्कायलॅब कोसळली, तेव्हा तिचे तुकडे या भागात पडले होते. तेथल्या छोट्या संग्रहालयात ती कथा मांडून ठेवली आहे. यादीप्रमाणे त्या दिवशी फोन होता, आणि तो लागला.

“आई, तुमची स्कायलॅब इथं पडली होती बरं का!”

आई खळखळून हसली. “अरे, आम्ही किती घाबरलो होतो! तुझी आजी तर म्हणाली, मरायचंच आहे तर पुरणपोळी करून घेऊ या. आणि ती मेली तिकडं जाऊन पडली होय?” दहा मिनिटे ती बोलत होती. ताईने डोळे पुसले ते हसून, की आणखी कशाने, मी विचारले नाही.

जूनमध्ये मी पुण्याला परतलो. स्वयंपाकघरात भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली होती. माझ्या यादीतल्या फोनच्या दिवसांवर आईने बारीक खुणा केल्या होत्या. ज्या दिवशी फोन येणार नव्हता, त्या चौकटीत तिच्या थरथरत्या अक्षरात लिहिले होते:

“आज फोन नाही. माळरान. सगळे ठीक आहेत.”

सेडूनानंतरच्या त्या दोन चौकटी मात्र कोऱ्याच होत्या.