लाकडी बैलाचा रंग

श्रावणी अमावास्येचा पोळा सरला की दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, विदर्भात मुलांचा तान्हा पोळा भरतो. आमच्या वर्धा जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा विशेष नावाजलेला. त्यासाठी घरचा चाकांवरचा लाकडी नंदी यंदा पुन्हा रंगवावयाचा होता. तो पांढराच असावा, हा आमचा आग्रह निराधार नव्हे: आर्वीकडील गवळाऊ बैल पांढरा वा राखी असतो, आणि खेळण्यातही आपल्या मुलखाचे जनावर ओळखू यावे. नातीस मात्र तो निळा हवा. (काळा म्हणाली असती तर आम्ही काय केले असते, सांगवत नाही.) काचकागदाने घासू लागलो, तो वडिलांच्या हातच्या पांढऱ्याखाली हिरवा लागला, त्याखाली गेरू. तो हिरवा कोणाच्या हौसेचा, हे सांगणारे आता घरात कोणी उरले नाही. मग आम्ही वाद सोडला. अस्तर वाळू दिले, वर तैलरंगाचे दोन हात दिले. शिंगे नातीने पिवळी केली आणि बोजारा मागावयास ती निळा बैल ओढीत निघाली. पोटाखाली, सहसा दृष्टीस न पडणारा, अंगठ्याएवढा हिरवा ठिपका आम्ही तसाच राखला आहे.