पोटहिस्स्याचे नाव कोणी लिहायचे? रिव्हर्स डीएनएसचा एक छोटा इतिहास

१/
एका संगणकाने दुसऱ्याकडे ईमेल पोहोचवली, की घेणारा सर्व्हर बहुधा आधी एक प्रश्न विचारतो: या अंकी पत्त्यामागचे नाव काय? उत्तर मिळाले नाही, तर पत्र पुष्कळदा दारातूनच परत जाते. नावावरून अंक शोधण्याची कथा अनेकांनी सांगितली आहे. अंकावरून नाव शोधण्याची कथा मात्र मागे राहिली. त्यातही ज्यांच्या वाट्याला आठ, सोळा किंवा बत्तीसच अंक आले, त्या लहान धारकांना स्वतःचे नाव स्वतः लिहिण्याची सोय कशी लाभली, हा या धाग्याचा विषय.

२/
आरंभी प्रश्नच नव्हता. आर्पानेटच्या काळात कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील एसआरआय या संस्थेत एक माहिती केंद्र होते. एलिझाबेथ फाइनलर यांनी १९७२ पासून ते सांभाळले. जाळ्यावरील यंत्रांची एकच यादी तेथे ठेवली जाई. तिचे नाव 'होस्ट्स डॉट टीएक्सटी'. नवे यंत्र जोडले की केंद्राला कळवायचे, केंद्र नोंद करी आणि इतर सारे ती यादी उतरवून घेत. एकाच ओळीत अंकही असे आणि नावही. त्यामुळे सुलट शोध आणि उलट शोध यांत भेद नव्हता. वही एकच होती. कोणत्याही बाजूने वाचली तरी चालत असे.

३/
यंत्रे वाढली आणि एक वही पुरेना. नोव्हेंबर १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आरएफसी ८८२ आणि ८८३ या दोन दस्तऐवजांत नवी रचना मांडली. (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम आणि प्रस्ताव ज्या क्रमांकित मालिकेत प्रसिद्ध होतात ती मालिका.) हीच डोमेन नेम सिस्टिम, अर्थात डीएनएस. वहीच्या जागी वृक्ष आला आणि त्याची प्रत्येक फांदी ज्याची त्याच्या स्वाधीन झाली. नाव लिहिण्याची रीत आपल्या टपालाच्या पत्त्यासारखी: आधी मुक्काम पोस्ट, मग तालुका, मग जिल्हा. लहान डावीकडे, मोठे उजवीकडे.

४/
या वाटणीत एक गोष्ट हरवली. फांद्या नावांनुसार पाडल्या होत्या. नाव ठाऊक असेल तर कोणत्या फांदीवर चढायचे ते कळे. केवळ अंक हाती असेल तर कोणाला विचारायचे? 'इन्व्हर्स क्वेरी' नावाची एक तरतूद मूळ रचनेत होती: सर्व्हरने आपल्याजवळच्या नोंदी चाळून सांगावे की हा अंक कोणाचा. पण योग्य सर्व्हर आधीच ठाऊक असल्याशिवाय तिचा उपयोग नव्हता. ती फारशी रुजली नाही आणि २००२ मध्ये रीतसर निवृत्त झाली.

५/
उपाय निघाला तो असा, की अंकांनाच नावांचे रूप द्यायचे. अडचण एवढीच, की अंकी पत्ता नावाच्या उलट दिशेने चालतो. त्याची जात आपल्या पिनकोडची. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या त्या पद्धतीत ४११०३० मधला पहिला अंक मोठा विभाग सांगतो आणि शेवटचे अंक टपाल कार्यालय. मोठे आधी, लहान नंतर. म्हणून अंकी पत्ता नावांच्या वृक्षात बसवायचा, तर तो उलटा लिहावा लागतो.

६/
नोव्हेंबर १९८७ च्या आरएफसी १०३५ मध्ये ही रीत सविस्तर दिली आहे. उदाहरणांसाठी राखून ठेवलेला पत्ता घेऊ: १९२.०.२.६५. याचे नाव शोधायचे असेल तर प्रश्न विचारायचा तो '६५.२.०.१९२.इन-अ‍ॅडर.आर्पा' या नावाविषयी. तेथे 'पीटीआर' प्रकारची नोंद असते आणि तिच्यात यंत्राचे नाव. शोध उलटा म्हणवला जातो खरा. प्रत्यक्षात तो दुसऱ्या एका फांदीवरचा सुलट शोधच आहे.

७/
शेवटच्या 'आर्पा'कडे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे लक्ष जावे. ही फांदी संक्रमणकाळापुरती, आर्पानेटवरील जुनी नावे सामावून घेण्यासाठी निर्माण झाली होती. आर्पानेट १९९० मध्ये बंद झाले, फांदी उरली. पुढे तिच्या आद्याक्षरांना 'अ‍ॅड्रेस अँड राउटिंग पॅरामीटर एरिया' असा नवा अर्थ देण्यात आला. राजवट गेली, पण तिच्या नावाचे परगणे दप्तरात राहिले, असे आपल्याकडेही घडले आहेच.

८/
आता मुख्य पेच. १९८१ च्या नियमांनुसार अंकांची जमीन तीन मापांत वाटली जाई. 'अ' वर्ग: सुमारे १ कोटी ६७ लाख पत्ते. 'ब' वर्ग: ६५,५३६. 'क' वर्ग: २५६. तिन्ही मापांची हद्द अंकी पत्त्यातील टिंबावरच पडत असे. उलट शोधाच्या वृक्षातही फांदी तोडता येते ती टिंबावरच. शिवार आणि दप्तर एकाच मापाने आखलेले असल्याने सारे जुळत होते.

९/
पण माप फार ठोकळ होते. ज्याला हजारभर पत्ते हवेत त्याला २५६ अपुरे आणि ६५,५३६ अतोनात. 'ब' वर्ग झपाट्याने संपत चालला. दुसरीकडे 'क' वर्गाचे अनेक तुकडे दिले तर राउटरांच्या याद्या फुगत. सप्टेंबर १९९३ च्या आरएफसी १५१९ ने वर्गांची चौकट मोडली. ही 'साइडर' पद्धत. हद्द आता टिंबावर असण्याचे बंधन राहिले नाही. ३२ बिटांच्या पत्त्यात ती कोठेही पाडता येऊ लागली. सेवादाते ग्राहकांना आठ, सोळा, बत्तीस पत्त्यांचे तुकडे देऊ लागले.

१०/
शिवाराची मोजणी बदलली, दप्तर मात्र जुन्याच मापाचे राहिले. समजा एका लहान संस्थेला १९२.०.२.६४ ते १९२.०.२.९५ हे ३२ पत्ते मिळाले. वृक्षात '२.०.१९२' ही फांदी संपूर्ण २५६ पत्त्यांची. तिच्याखाली थेट एकेक पान. बत्तिसांची डहाळी मध्ये कोठेच नाही. अर्थात सर्व २५६ पानांवर लेखणी सेवादात्याची. सातबाऱ्यावर पोटहिस्सा पडला नाही तर कसणाऱ्याला जशी प्रत्येक फेरफाराला मूळ धारकाची मनधरणी करावी लागते, तशी ही स्थिती.

११/
नाव दुसऱ्याच्या हाती असल्याने काय बिघडते? पुष्कळ. त्या काळी युनिक्स यंत्रांवरील 'आरलॉगिन'सारख्या सोयी उलट शोधातून आलेल्या नावावर विश्वास ठेवून परवलीच्या शब्दाविना प्रवेश देत. ज्याच्या हाती उलट नोंद, तो विश्वासू यंत्राचे नाव धारण करू शके. स्टीव्हन बेलोविन यांनी या धोक्यावर १९९० मध्ये निबंध लिहिला, पण गैरवापराच्या भीतीने तो १९९५ पर्यंत प्रसिद्ध केला नाही. म्हणून पडताळणी दुहेरी झाली: अंकावरून नाव मिळाले की त्या नावावरून पुन्हा तोच अंक मिळतो का, ते पाहायचे.

१२/
ईमेलच्या बाबतीत तर हा रोजचा व्यवहार आहे. सेवादात्याने सर्व पानांवर अंकांवरूनच रचलेली साचेबंद नावे लिहून ठेवली असतील, तर पत्र घेणाऱ्याला तो पत्ता एखाद्या घरगुती जोडणीचा वाटतो आणि संशय बळावतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पाठवणाऱ्यांसाठी सुलट आणि उलट दोन्ही नोंदी वैध असणे आवश्यक केले आहे. स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्या लहान संस्थेसाठी ती एक ओळ म्हणजे तिची पतच होय.

१३/
तुकड्याचा सरळ उपाय एक होता: बत्तीस पानांपैकी प्रत्येक पान स्वतंत्र फांदी समजून ग्राहकाच्या हवाली करायचे. ते चाले, पण ग्राहकाला एकेका ओळीसाठी बत्तीस स्वतंत्र वह्या सांभाळाव्या लागत. मार्च १९९८ मध्ये हावर्ड आइडनेस, खेर्ट यान द ग्रूट आणि पॉल व्हिक्सी यांनी आरएफसी २३१७ मध्ये अधिक शहाणी वाट लिहून ठेवली. युक्ती त्याआधीच चर्चेत आली होती, याची कबुली त्यांनी ऋणनिर्देशात दिली आहे.

१४/
ती अशी. डीएनएसमध्ये 'सीनेम' नावाची नोंद पहिल्यापासून आहे. अमुक नाव हे तमुक नावाचे टोपणनाव, एवढेच ती सांगते. सेवादात्याने आपल्या फांदीवर '६४/२७' नावाची एक नवी डहाळी काढायची आणि ती ग्राहकाच्या सर्व्हरच्या हवाली करायची. (६४ म्हणजे तुकड्याचा आरंभ, २७ म्हणजे पत्त्याचे पहिले २७ बिट ठरलेले, उरलेल्या ५ बिटांत ३२ पत्ते.) मग ६४ ते ९५ या प्रत्येक पानावर एक टोपणनाव लिहायचे: '६५' साठी पाहा '६५.६४/२७.२.०.१९२.इन-अ‍ॅडर.आर्पा'.

१५/
विचारणारा पूर्वीसारखाच '६५.२.०.१९२' विषयी विचारतो. सेवादाता म्हणतो, पलीकडच्या दप्तरात पाहा. तेथे ग्राहकाने स्वतः लिहिलेली पीटीआर नोंद सापडते. बत्तीस टोपणनावे एकदा लिहिली की सेवादात्याला पुन्हा हात लावावा लागत नाही. नाव बदलायचे ते ग्राहक आपल्या वहीत बदलतो. डहाळी तेथेच हवी असेही नाही. टोपणनावे थेट ग्राहकाच्या स्वतःच्या डोमेनकडेही वळवता येतात.

१६/
त्या तिरक्या रेघेवरून वादही झाला. यंत्राच्या नावात अक्षरे, अंक आणि जोडरेघ एवढेच चालते असा दंडक. डहाळीचे नाव हे यंत्राचे नाव नव्हे, हा प्रतिवाद. लेखकांनी उदाहरणात रेघ ठेवली आणि वाचकांना मात्र सुचवले की फार काटेकोर न होता तिच्या जागी जोडरेघेसारखे निरुपद्रवी चिन्ह वापरावे. नियमावलीत इतका मिस्कीलपणा विरळाच.

१७/
या युक्तीचे मोल तिच्या प्रतिस्पर्ध्याकडे पाहिल्यावर कळते. ऑगस्ट १९९९ मध्ये आरएफसी २६७३ ने 'बायनरी लेबल'चा प्रस्ताव मांडला: वृक्षाची फांदी कोणत्याही बिटावर तोडता यावी. कागदावर हे उत्तर कितीतरी नीटस होते. पण त्यासाठी जगातील सर्व्हरना नवी भाषा शिकावी लागणार होती, आणि जुना सर्व्हर नव्या प्रकारचे नाव पाहून थबकत असे. २००२ मध्ये तो प्रस्ताव प्रायोगिक वर्गात ढकलला गेला, पुढे टाकूनच देण्यात आला. टोपणनावांची ओबडधोबड रचना टिकली, कारण तिने तिसऱ्या कोणाकडे काहीच मागितले नाही. सेवादाता आणि ग्राहक या दोघांनी आपापल्या वहीत लिहिले की पुरे.

१८/
मर्यादा तेथेच आहे. 'दोघांनी' लिहायचे आहे. भारतात पत्ते एपनिककडून किंवा २०१२ पासून कार्यरत असलेल्या आयआरआयएनएनकडून मिळतात. पण तेथील किमान तुकडा २५६ पत्त्यांचा. त्याहून लहान धारक सेवादात्याचा कूळच. सेवादात्याने डहाळी काढून दिली नाही, तर आरएफसी २३१७ त्याला भाग पाडू शकत नाही. आणि सेवादाता बदलला की अंकही जातात, नावेही.

१९/
आयपीव्ही६ च्या काळात हा धडा काही अंशी लक्षात राहिला. तेथे उलट शोधाचे नाव ३२ तुकड्यांचे असते आणि फांदी दर चार बिटांवर तोडता येते, म्हणून तुकडे सहसा त्याच मापाने दिले जातात. तरीही आयपीव्ही४ चालू आहे तोवर ती जुनी टोपणनावे रोज वाचली जात राहतील. सत्तेच्या मोठ्या नकाशांचा अभ्यास करताना, हद्द बदलल्यावर दप्तर कोणी आणि कसे जुळवून घेतले, हेही पाहावे. लहान माणसाचे नाव बहुधा तेथेच नोंदलेले असते, किंवा नोंदायचे राहून गेलेले असते.