कुठून कुठपर्यंत?

गोष्ट कोठून सुरू करावी, हा कादंबरीकाराच्या डोक्यामागचा कायमचा भुंगा. नायकाच्या घरावर जप्ती आली त्या दिवसापासून आरंभ केला, तर पुढे त्याला मिळालेली साधी कारकुनीही भाग्योदय वाटते. लग्नाच्या थाटाच्या वरातीपासून केला, तर तीच कारकुनी अधोगती ठरते. माणूस तोच, कारकुनीही तीच!

अर्थशास्त्रज्ञांनाही हाच भुंगा छळतो, हे मला माझ्या भाचीने दाखवले. ती ‘ईव्ह्यूज’ नावाच्या संगणकप्रणालीवर आकडेमोड करते. मॅट्रिकपुढे न गेलेल्या मामालाही उमजावी अशी त्यातली एक आज्ञा आहे: कधीपासून कधीपर्यंतचे पाहायचे ते सांगा. आकड्यांचा सगळा पट निराळा आणि आज पाहायचा तुकडा निराळा. तुकड्याबाहेरचे आकडे पुसले जात नाहीत. ते नुसते पडद्याआड बसतात. दोन्ही टोके धरून मोजणी होते. १९८० ते १९८९ म्हटले की वर्षे १०. मात्र वाढ काढायची तर आदले वर्ष हवे. ते पटातच नसले की पहिले वर्ष गळते, आणि प्रणाली उत्तराच्या माथ्यावर तशी प्रामाणिक नोंद करते.

आणखी एक गंमत. सरकारची पहिली तिमाही एप्रिल ते जून. प्रणालीची जानेवारी ते मार्च. ही खूणगाठ बांधली नाही, तर खरिपाची सुगी भर पावसात यायची!

१९७९-८० साली दुष्काळ पडला, तेल महागले, आणि देशाचे उत्पन्न सुमारे ५ टक्क्यांनी घटले. पुढच्या दशकाची प्रगती त्या खड्ड्यातून मोजली, तर चढण मोठी दिसते; आदल्या वर्षापासून मोजली, तर लहान. दोन्ही हिशेब बिनचूक!

आमच्या शाळेतही असेच आहे. दिवाळी सरली की कित्येक बिऱ्हाडे ट्रकवर चढून ऊसतोडीला निघतात, मुलेही जातात. जून ते ऑक्टोबरची हजेरी पाहा, वर्ग भरलेला. नोव्हेंबर ते मार्चची पाहा, बाके रिकामी. माझ्या वर्गातली एक मुलगी सहामाहीत गणितात पहिली आली होती. वार्षिक परीक्षेला ती फडातच होती. तिच्या नावापुढे शून्य मांडा, असे मला सांगण्यात आले.

भाचीची प्रणालीसुद्धा शून्य आणि ‘नोंद नाही’ यांत फरक करते. पण नोंद नसलेली ओळ ती हिशेबातून वगळून टाकते. म्हणजे शून्य मांडावे तर पोर ढ ठरते. वगळावी तर ती नव्हतीच!

मी गुणांची जागा कोरी ठेवली, आणि शेऱ्यात लिहिले: ‘सहामाहीत गणितात पहिली. नोव्हेंबरपासून आईबापांबरोबर ऊसतोडीला.’