घोरणे थांबले की...

आमच्या घरी बाबांच्या घोरण्याची चेष्टा होई. आंधळगावात दिवसभर मागावर बसून कोशाचे कापड विणणारा माणूस रात्री घोरणारच, असे आईचे मत. घर दोन खोल्यांचे. परीक्षेच्या दिवसांत मी रात्री वाचत बसे आणि घोरणे मध्येच थांबले की मनात म्हणे, 'सुटले बाई एकदाची!' थोड्या वेळाने बाबा गुदमरल्यासारखा मोठा श्वास घेत, की पुन्हा सुरू.

गेल्या पावसाळ्यात त्यांना मागावरच घेरी आली. नागपूरच्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, कार्डिओग्राम काढला. हृदयाच्या वरच्या कप्प्यांना लयच उरली नव्हती. ते नुसते थरथरत होते. अशाने तिथे रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर लकवा. शेजारच्या मागावर फणीचा ठोका चुकला तरी बाबांना कळते. स्वतःच्या छातीतला मात्र कळला नव्हता. गोळ्या लिहून झाल्यावर डॉक्टरांनी विचारले, "हे घोरतात का?" आई आणि मी हसलो. डॉक्टर हसले नाहीत.

एक रात्र यंत्रे लावून बाबांची झोप तपासली. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून हवेची वाट बुजते. दहा सेकंद, कधी त्याहून जास्त, श्वास बंद. रक्तातला प्राणवायू उतरतो, रक्तदाब उसळतो, बुजलेल्या घशातून हवा ओढताना छाती झटते आणि तो ताण हृदयाच्या भिंतींवर येतो. रात्रीतून कितीतरी वेळा. म्हणजे मी 'सुटले' म्हणत होते, तेव्हा बाबांचा श्वास अडलेला असे!

नाकावाटे हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवण्याची युक्ती ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केली. ते यंत्र घ्यायला आईने बचत गटातून पैसे उचलले. नुसत्या यंत्राने ठोके ताळ्यावर येतीलच असे नाही, गोळ्या चालूच ठेवायच्या, असे डॉक्टरांनी बजावले होते. पण बाबा मुखवटा लावीनात. "मी का बैल आहो, मुसकं बांधाले?" शेवटी मी त्यांना बप्पी लाहिरींचे सांगितले. फेब्रुवारी २०२२ मध्ये ते मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी हाच झोपेतला आजार सांगितला होता. त्यांची गाणी बाबा मागावर ऐकत. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आन थे."

आता रात्री घरात यंत्राची बारीक घरघर असते. वीज गेली की तीही थांबते. मग मी उठते, बाबांना कुशीवर वळवते आणि वीज येईपर्यंत ऐकत बसते.