बोर्डापाशी उभा असलेला माणूस

लीडिंग फायरमन असताना माझी जागा ब्रँचवर, म्हणजे होजच्या तोंडाशी असे. वर्दी आली की होज घेऊन आत शिरणाऱ्या पहिल्या जोडीत मी असायचो आणि त्यातच मला नोकरीचं सार्थक वाटायचं. सब-ऑफिसरच्या कोर्ससाठी नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात गेलो, तेव्हा मैदानावरच्या पहिल्याच ड्रिलला सरांनी बजावलं, "हुकूम देणाऱ्यानं साहित्याला हात लावायचा नाही." समोर जवानाची कपलिंग नीट बसत नव्हती आणि मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा. संपूर्ण कोर्समध्ये मला सगळ्यात जड गेलं ते हेच.

हे महाविद्यालय १९५६ साली रामपूरला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी नागपूरला आलं. देशभरातून माणसं येतात. आमच्या मेसमध्ये प्रत्येकाकडे आपल्या गावच्या आगीची गोष्ट होती.

वर्गात श्वसनसंचातल्या हवेचं गणित पक्कं करून घेतलं. सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबानं साधारण १८०० लिटर हवा मावते. मिनिटाला ४० लिटर धरले तर ४५ मिनिटं. पण जिना चढून, बेशुद्ध माणूस ओढत आणणारा जवान ६० लिटरही ओढतो. त्याला ३० मिनिटंच मिळतात. शिवाय दाब ५५ बारच्या आसपास उतरला की शिट्टी वाजते, आणि तेव्हा माणूस दारात पोचलेला हवा, दाराकडे निघालेला नव्हे. म्हणून बाहेर बोर्ड असतो. त्यावर आत जाणाऱ्याची टॅली, म्हणजे नावाचा बिल्ला, दाब, आत गेल्याची वेळ, शिट्टीची अपेक्षित वेळ. बोर्ड सांभाळणारा आत जात नाही, काहीही झालं तरी.

स्मोक गॅलरीच्या सरावात नेतृत्व माझ्याकडे आलं. आत राजस्थानचा एक सहकारी आणि त्याचा जोडीदार. अडकलेल्या माणसांच्या जागी ठेवलेले दोन पुतळे बाहेर आले होते, तिसरा सापडत नव्हता. बोर्डावरची वेळ भरत आली तसं मी वॉकीटॉकीवर परत बोलावलं. "हात लागलाय, एक मिनिट द्या," तो म्हणाला. मी दिलं नाही. बाहेर आल्यावर मास्क काढून तो माझ्याकडे न बघताच निघून गेला. जेवतानाही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी बोर्डापाशी तो होता आणि आत मी. त्यानं मला वेळेच्याही आधी बाहेर काढलं.

एका तासाला मुंबईतल्या काळबादेवीच्या आगीचा विषय निघाला. मे २०१५ मध्ये गोकुळ निवास ही आग लागलेली जुनी इमारत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले. दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर त्यांतलेच. ते सगळे माझ्यापेक्षा कितीतरी अनुभवी होते. त्या दिवशी वर्गात कुणीच निष्कर्ष काढत बसलं नाही, आणि ते योग्यच होतं. पण जुन्या लाकडी इमारतीबद्दल आम्ही बराच वेळ बोललो. तुळया आतून जळत असतात आणि आपण वरून पाणी ओततो. मिनिटाला ४५० लिटर टाकणारी एक ब्रँच दहा मिनिटांत साडेचार टन पाणी टाकते. त्यातलं बरंचसं वाहून जातं किंवा वाफ होऊन जातं, उरलेल्याचा भार मजला पेलतो. किती पाणी गेलं आणि किती खाली आलं, यावर नजर कोणाची? आत ब्रँच धरलेल्याला धुरात हातभरापलीकडचं दिसत नाही. ती नजर बाहेर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याचीच हवी.

आता माझ्या केंद्रावर प्रत्येक पाळीत सरावाच्या वेळी मी जवानांना श्वसनसंच घालून जिना चढायला लावतो आणि कोण किती हवा ओढतो ते वहीत लिहून ठेवतो. दमदार, आडदांड गडी कधी कधी सगळ्यात लवकर सिलिंडर रिकामा करतो. त्याला मी आत दूरवर पाठवत नाही. लहान नगरपरिषदांच्या दलांत एका बंबावर चार-पाच माणसं निघतात, तिथं बोर्डापाशी माणूस ठेवायचा म्हणजे एक हात कमी होतो, हे मला ठाऊक आहे. तरीही ठेवा, असं मी तिकडच्या मित्रांना कळकळीनं सांगतो. आमच्याकडे ते काम आळीपाळीनं सगळ्यात नव्या जवानाकडेही येतं. मी आत असलो तरी वेळ भरली की त्यानं मलाही बाहेर बोलवायचं, आणि मी मुकाट्यानं यायचं, असा नियम केला आहे.