मिरचीवरचा खोटा आळ

आमच्या नागपुरात तोंड आले की कारण शोधायला कुणी लांब जात नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा शेजारीपाजारी एकमुखाने निकाल देतात, "उष्णता झाली!" उरलेला दोष भिवापुरी मिरचीच्या माथी.

माझे तोंड मात्र भर थंडीतही येई. कधी गालाच्या आत, कधी जिभेच्या कडेला. जाईचा पाला चघळला, तूप लावले, सब्जा प्यायलो. शेवटी सौभाग्यवतींच्या स्वयंपाकावर ठपका ठेवून मोकळा झालो. तिने बिचारीने एका शब्दाने उत्तर न देता पाटोडीच्या रश्श्यातले तिखट आणि मसाला दोन्ही बंद केले. दोन दिवाळ्या साऱ्या घराने फिका चिवडा खाल्ला. तोंड यायचे काही थांबले नाही.

मग एक फोड तीन आठवडे झाले तरी भरेना. मी खर्रा खात नाही. पण खर्ऱ्याच्या गावात असा फोड दिसला की मनात नको ते येते. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवाल येईपर्यंत घरात कोणी भाजीत मीठ कमी की जास्त, हे बोलले नाही.

अहवाल चांगला आला. रक्तात लोह, फॉलिक आम्ल, बी-१२ जीवनसत्त्व सारे ठीक. तेव्हा डॉक्टरांनी विचारले, "दात कशाने घासता?"

मी ऐटीत सांगितले, "दालचिनीच्या स्वादाची टूथपेस्ट. मी स्वतः पसंत करून आणतो."

ते हसले. दालचिनीचा वास ज्या द्रव्यामुळे येतो, ते काहींच्या अंगाला सोसत नाही. तोंडाच्या नाजूक त्वचेला ते रोज लागले की आग होते, लाली येते, कधी फोडही. पुदिन्याच्या स्वादानेही काहींचे असे होते. मग माझ्या पाठीवर निरनिराळ्या द्रव्यांच्या पट्ट्या चिकटवल्या. ही युक्ती १८९५ मध्ये याडासोन नावाच्या जर्मन डॉक्टरांनी जगापुढे मांडली. दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या. दालचिनीच्या जागी लालभडक, खाजरा डाग!

"एवढ्याने गुन्हा शाबीत होत नाही," डॉक्टर म्हणाले. "पेस्ट बदला, दालचिनी सोडा आणि वाट पाहा."

तीन महिने गेले. तोंड आले नाही.

वाचकहो, प्रत्येकाच्या फोडाचे कारण हेच असेल असे नाही. तीन आठवडे न भरणारा फोड मात्र घरगुती उपायांवर सोपवू नका. आणि वरचेवर तोंड येत असेल, तर ताटाकडे बोट दाखवण्याआधी मोरीतल्या फळीवरही एक नजर टाका.

मी घरी कबुली दिली. ती म्हणाली, "दोन वर्षं मिरचीला बदनाम केलं बाप्पा तुम्ही!" मिरचीला म्हणाली, स्वतःला म्हणाली नाही. ते मला अधिक लागले.

यंदा मसाल्यातून दालचिनी तेवढी गेली आहे. चिवडा झणझणीत झाला आहे, आणि मिरच्या मी तळल्या आहेत.